तीनशेचे साडेचारशे

१९९८ च्या ऑगस्ट महिन्यात इंटेल कंपनीने सेलेरॉन ३००ए नावाचा प्रोसेसर विक्रीस काढला, तेव्हा तो कोणाच्या पदरात पडावा याविषयी कंपनीच्या मनात तिळमात्र संदेह नव्हता. ज्यांना पेंटियम टू परवडत नाही आणि ज्यांचे काम पत्रे टंकलिखित करणे व घरचा जमाखर्च मांडणे यांपलीकडे जात नाही, अशा बेताच्या ऐपतीच्या गिऱ्हाइकांसाठी तो होता. त्याची घोषित गती ३०० मेगाहर्ट्झ आणि किंमत सुमारे दीडशे डॉलर. त्याच सुमारास आलेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम टूला साडेसहाशेहून अधिक डॉलर मोजावे लागत. या दोन वस्तूंच्या मध्ये पाचशे डॉलरांची भिंत उभी करून कंपनी निश्चिंत झाली न झाली तोच, जगभरच्या हौशी मंडळींनी ती भिंत अगदी साध्या युक्तीने ओलांडली. मदरबोर्डवरील ६६ चा आकडा त्यांनी १०० केला, आणि तीनशेचा प्रोसेसर साडेचारशेने चालू लागला.

ओव्हरक्लॉकिंग या नावाने ओळखली जाणारी ही खटपट बहुतेकांनी संगणकावरील खेळांच्या हौसेपायी आरंभिली. परंतु वर्ष उलटण्यापूर्वीच तिला असे एक काम सापडले, की ज्यात प्रोसेसरची वाढीव गती रात्रंदिवस, क्षणाचीही उसंत न घेता, कारणी लावता यावी. ते काम म्हणजे वितरित संगणन. ज्या प्रचंड गणिताचे परस्परांवर विसंबून नसलेले लहान लहान तुकडे पाडता येतात, ते गणित एका महासंगणकाच्या माथी न मारता घरोघरच्या रिकाम्या संगणकांत वाटून द्यावे आणि उत्तरे इंटरनेटवरून एका ठिकाणी गोळा करावीत, अशी ती योजना आहे. या दोहोंचा संसार उत्साहाने सुरू झाला आणि, जाणकारांनी अपेक्षिले असेलच त्याप्रमाणे, कटकटीचा निघाला.

प्रोसेसरची गती म्हणजे नेमके काय, हे ध्यानात येण्यासाठी लेझमाचे पथक डोळ्यांपुढे आणावे. हलगीचा एक ठोका पडला, की प्रत्येक गड्याने आपली हालचाल पुरी करून पुढच्या ठोक्यासाठी सिद्ध राहावयाचे; ठोका जलद केला तर चपळ गडी निभावून नेतात, परंतु पथकातला सर्वांत मंद गडी ज्या क्षणी मागे पडेल त्या क्षणी सारी रचना विस्कटते. प्रोसेसरमध्ये कोट्यवधी ट्रान्झिस्टर असतात आणि एक ठोका पडल्यापासून दुसरा पडेपर्यंत विद्युत्संकेताला त्यांच्या एकेका साखळीतून पार व्हावे लागते. ३०० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला तीस कोटी ठोके. त्यांपैकी प्रत्येक ठोक्याला सर्वांत लांबच्या साखळीतला संकेत मुक्कामी पोचला पाहिजे. न पोचला, तर पुढच्या ठोक्याला तेथे जुनाच अंक उभा असतो, आणि यंत्र तो खराच समजून पुढे चालते.

मग तीनशेचा शिक्का मारलेला प्रोसेसर साडेचारशे सोसतो कसा? याचे उत्तर थोडे भौतिकशास्त्रात, थोडे सावधगिरीत आणि बरेचसे व्यापारात आहे. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून शेकडो प्रोसेसर कापून निघतात, पण ते सारखे उतरत नाहीत. म्हणून कारखान्यात प्रत्येकाची परीक्षा घेऊन त्याला दर्जा बहाल केला जातो. ही परीक्षा प्रतिकूल परिस्थिती गृहीत धरून होते: पेटीत हवा खेळती नाही, वीजपुरवठा कमी-अधिक होतो आहे, यंत्र कित्येक वर्षे वापरून जीर्ण झाले आहे, तरीही चूक होता कामा नये. एवढी खातरजमा करूनच कंपनी आपली हमी देते, आणि त्यासाठी प्रत्यक्ष सामर्थ्य व घोषित गती यांच्यामध्ये काही अंतर राखते. हे झाले शास्त्र. व्यापाराचा भाग असा, की निर्मितीची प्रक्रिया एकदा सुधारली की बहुतेक प्रोसेसर वरच्या दर्जाचे निघू लागतात, आणि बाजाराची मागणी मात्र स्वस्त मालाचीच असते. तेव्हा वरच्या दर्जाला लायक असलेला मालही खालच्या दर्जाचे नाव घेऊन बाहेर पडतो. सेलेरॉन ३००ए च्या बाबतीत नेमके हेच घडले.

त्यात आणखी एक योग जुळून आला होता. पेंटियम टूमध्ये ५१२ किलोबाइटची कॅश, म्हणजे वारंवार लागणाऱ्या माहितीची हाताशी ठेवलेली साठवण, प्रोसेसरच्या बाहेर वेगळ्या चिपांवर होती आणि प्रोसेसरच्या निम्म्या गतीने चालत असे. गती वाढवू गेल्यास पुष्कळदा या बाहेरच्या चिपाच प्रथम हात टेकीत. सेलेरॉन ३००ए मध्ये कॅश अवघी १२८ किलोबाइटची, पण ती प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर कोरलेली आणि पूर्ण गतीने चालणारी. काटकसरीसाठी केलेली ही तजवीजच त्या प्रोसेसरचे भाग्य ठरली, आणि साडेचारशेवर नेलेला सेलेरॉन बऱ्याच कामांत आपल्या चौपट किमतीच्या भावंडाच्या बरोबरीने धावू लागला.

प्रोसेसरची गती दोन आकड्यांच्या गुणाकारातून येते: मदरबोर्डवरील मूळ ठोका आणि प्रोसेसरचा गुणक. सेलेरॉन ३००ए चा गुणक साडेचार. ६६ गुणिले साडेचार म्हणजे तीनशे. हा गुणक इंटेलने कुलूपबंद करून ठेवला होता, आणि त्याचे कारणही ऐकण्यासारखे आहे: काही व्यापारी हलक्या प्रोसेसरवरचा छापील दर्जा खोडून वरचा दर्जा छापीत आणि अजाण गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधीत. लबाडी रोखण्याची ही तजवीज रास्तच होती, पण मूळ ठोक्याला कुलूप नव्हते. तैवानच्या एबिट कंपनीच्या बीएच६ या मदरबोर्डवर तर पेटी उघडण्याचेही कारण उरले नव्हते. संगणक सुरू होताना बायोसच्या पडद्यावर जावे, यादीतून १०० निवडावे, आणि बदल कायम करून बाहेर पडावे.

ज्यांच्या मदरबोर्डला ही मुभा नव्हती त्यांनी दुसरी वाट काढली. त्या काळचा सेलेरॉन एका उभ्या पट्टीवर बसवलेला असे, आणि ती पट्टी मदरबोर्डवरील लांबट खाचेत खोवावी लागे. पट्टीच्या कडेला सोनेरी संपर्कबिंदूंची रांग असते; त्यांतला बी-२१ हा बिंदू मदरबोर्डला सांगतो, की या प्रोसेसरला ६६ चा ठोका द्यावा. हौशी मंडळी त्या एकाच बिंदूवर पातळ चिकटपट्टीचा चिंचोळा तुकडा, किंवा घरातल्या नेलपॉलिशचा एक थेंब, शेजारच्या बिंदूंना न लागेल अशा बेताने लावीत. निरोप तेथेच अडला, की मदरबोर्ड समजूत करून घेई की हा शंभराचा प्रोसेसर आहे. नखरंगाच्या थेंबाने पाचशे डॉलर वाचवण्याचे दुसरे उदाहरण निदान मला तरी ठाऊक नाही.

गंमत अशी, की शंभरापर्यंत एकदम उडी मारणे हे मधल्या ८३ वर थांबण्यापेक्षा सुरक्षित होते. मूळ ठोक्यावरूनच विभागणी करून हार्ड डिस्क आदी उपकरणांच्या पीसीआय मार्गाला ठोका मिळतो, आणि त्या मार्गाला ३३ मेगाहर्ट्झ हवे असतात. ६६ ला दोनाने भागले की ३३. १०० ला तिनाने भागले की पुन्हा ३३. परंतु ८३ ला दोनानेच भागले जाई, आणि मग साडेएकेचाळीसचा ठोका सहन न होऊन हार्ड डिस्कवरील माहिती अधूनमधून नासत असे. ‘आधी थोडेसेच वाढवून पाहू’ हा सुज्ञ माणसाचा शिरस्ता येथे नेमका अंगाशी येत होता.

काही नमुने मूळच्या दाबावर साडेचारशे सोसत नसत. अशा वेळी विजेचा दाब दोन व्होल्टवरून सव्वादोनच्या आसपास, बहुधा २.२ वर, नेला जाई. दाब वाढला की ट्रान्झिस्टर अधिक चपळाईने चालू-बंद होतात आणि मागे पडणारा संकेत वेळेत पोचतो. मात्र याचे मोल उष्णतेच्या रूपाने चुकवावे लागते. प्रोसेसरला लागणारी शक्ती ठोक्याच्या प्रमाणात आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: ठोका दीडपट, दाबाचा वर्ग १.२१ पट, म्हणजे एकंदर शक्ती सुमारे १.८ पट. वेग पन्नास टक्क्यांनी वाढला आणि उष्णता ऐंशी टक्क्यांनी, हा हिशेब ज्याने समजून घेतला त्याला मोठा पंखा आणि जाड हीटसिंक यांवरचा खर्च टाळता येत नाही हे सांगावे लागत नाही. नुसत्या पंख्याच्या जोरावर प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा थंड राहू शकत नाही हेही येथे ध्यानात ठेवावे; थंड प्रदेशातल्या तळघरात जो आकडा टिकतो, तो विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी टिकेलच असे नाही.

आता या वाढीव गतीला काम कोणते मिळाले ते पाहू. १७ मे १९९९ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेने सेटी ॲट होम हा प्रकल्प जनतेसाठी खुला केला. पोर्तो रिकोमधील अरेसिबो येथे ३०५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण होती. तिच्यावर इतरांची निरीक्षणे चालू असतानाच, त्यांच्या जोडीने १४२० मेगाहर्ट्झच्या आसपासचा अडीच मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ध्वनिमुद्रणासारखा फितींवर नोंदवला जाई, आणि ३५ गिगाबाइटच्या त्या फिती टपालाने बर्कलीला जात. हायड्रोजनचा अणू याच कंप्रतेला उत्सर्जन करतो. तेव्हा परग्रहावरील एखाद्या सुबुद्ध जमातीने संदेश पाठवायचे मनावर घेतले, तर सर्वांना ठाऊक असलेली हीच जागा ती निवडील, असा शास्त्रज्ञांचा कयास. बर्कलीत त्या पट्ट्याच्या २५६ चिंचोळ्या चिरफळ्या करीत आणि एकेका चिरफळीतून १०७ सेकंदांचा तुकडा कापून, सुमारे एकतृतीयांश मेगाबाइटचा तो ऐवज कोणा स्वयंसेवकाच्या संगणकाकडे रवाना करीत. संगणकाचा धनी चहाला उठला, की पडद्यावर रंगीबेरंगी स्तंभांचा आलेख सरकू लागे आणि आत गणित चाले. एक तुकडा पुरा होण्यास त्या काळच्या साधारण यंत्राला कित्येक तास लागत.

संयोजकांनी लाखभर स्वयंसेवकांची अपेक्षा धरली होती. पुढे त्यांची संख्या पन्नास लाखांच्या वर गेली. प्रत्येकाने किती तुकडे पुरे केले याची जाहीर नोंद ठेवली जाई, स्वयंसेवकांचे संघ बनत, आणि जेथे क्रमवारी आली तेथे चढाओढ आलीच. परग्रहावरच्या प्राण्यांविषयी ज्यांना फारसे औत्सुक्य नव्हते तेही शेजारच्या संघाला मागे टाकण्यासाठी रात्र-रात्र यंत्रे चालू ठेवू लागले. एबिट कंपनीने १९९९ मध्ये बीपी६ हा मदरबोर्ड काढला. त्यावर दोन स्वस्त सेलेरॉन शेजारी शेजारी बसत. जोडीने काम करण्यासाठी सेलेरॉन बनवलेलेच नाहीत, असे इंटेलचे म्हणणे होते. दोन्ही प्रोसेसर वाढीव ठोक्यावर न्यावेत, प्रत्येकावर सेटीच्या कार्यक्रमाची एकेक प्रत सोडावी आणि महासंगणक घरी आणल्याचा आनंद भोगावा, हा त्या पिढीतल्या कित्येकांचा छंद होता.

येथवरची कथा पराक्रमाची. पण गती वाढवलेला प्रोसेसर जेव्हा चुकतो तेव्हा तो दर वेळी गर्जना करून चुकतोच असे नाही. पडदा निळा पडला, यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले, तर ते सुदैव समजावे. निदान बिघाड कळला. खरा धोका त्या प्रोसेसरचा, जो दिवसभर शांतपणे चालतो, पंखा संथ घुमतो आहे, आलेख सरकतो आहे, आणि अब्जावधी क्रियांमधून एखादीच क्रिया चुकलेली आहे. खेळात एखादा ठिपका भलत्या रंगाचा उमटला तर डोळ्याला कळतही नाही. गणितात मात्र त्या एका अंकावर पुढचा सारा डोलारा उभा राहतो.

हे ओळखण्याचे सर्वांत नाणावलेले साधन एका दुसऱ्याच प्रकल्पातून आले. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये जिम्प्स नावाचा उपक्रम सुरू केला. दोनाच्या घातातून एक वजा केल्यावर मिळणाऱ्या, मर्सेन या नावाने परिचित असलेल्या मूळ संख्यांचा शोध घेणे हे त्याचे कार्य. त्याच्या प्राइम९५ या कार्यक्रमाला लक्षावधी अंकी संख्येला त्याच संख्येने पुनःपुन्हा गुणावे लागते, आणि हे काम वेगाने व्हावे म्हणून तो अपूर्णांकांच्या वाटेने जाऊन शेवटी पूर्णांकावर येतो. उत्तर १७.०२ आले तर ते १७ समजावे, हे निर्विवाद, पण १७.५ आले तर १७ धरावे की १८? निरोगी प्रोसेसरवर असा पेच पडत नाही. म्हणून या कार्यक्रमाच्या कसोटीत फरक ०.४ च्या वर गेला, की तो तत्काळ थांबतो आणि पडद्यावर लिहितो, की फरक ०.५ आला, अपेक्षा ०.४ हून कमीची होती. ही एक ओळ जगभरच्या ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांच्या मनात कायमची कोरलेली आहे. सायंकाळी कसोटी लावून झोपी जावे आणि पहाटे ती ओळ पडद्यावर उभी असावी. मग ठोका एक पायरी उतरवावा, किंवा दाब किंचित वाढवावा, आणि पुन्हा सारे पहिल्यापासून.

प्रकल्पांनीही स्वयंसेवकांच्या शब्दावर विसंबून न राहण्याची व्यवस्था केली. सेटीमागील डेव्हिड अँडरसन यांनी पुढे बॉइंक नावाची सर्वसाधारण यंत्रणा उभारली, आणि २००४ मध्ये तिची रचना विद्वानांपुढे मांडताना चुकीच्या उत्तरांचे नेहमीचे कारण म्हणून ओव्हरक्लॉकिंगचे नाव त्यांनी स्पष्ट शब्दांत घेतले. उपाय सरळ होता: एकच तुकडा दोन अनोळखी यंत्रांना द्यावा, उत्तरे जुळली तरच ती रुजू करून घ्यावीत, न जुळल्यास तिसऱ्या यंत्राकडे तहकिकात सोपवावी. म्हणजे ज्याने ठोका वाढवून शेकडा दहा तुकडे चुकवले, त्याने आपली वीज तर जाळलीच, पण तिसऱ्या कोणाला तरी विनाकारण कामाला लावले. वेगाच्या या शर्यतीत प्रकल्पाच्या दृष्टीने अशा माणसाची गती वाढलेली नसून घटलेली असते.

याच्या उलट बाजूचा एक दाखला जिम्प्सच्याच दफ्तरात आहे. जून १९९९ मध्ये दहा लाखांहून अधिक अंकांची पहिली ज्ञात मूळ संख्या सापडली. तिचे २०,९८,९६० अंक. ती शोधणारे नयन हजरतवाला अमेरिकेतील मिशिगन राज्यात राहत, आणि त्यांचे यंत्र होते ३५० मेगाहर्ट्झचे साधे पेंटियम टू. अखंड चालले असते तर तीन आठवड्यांत झाले असते ते काम, फावल्या वेळातच चालल्यामुळे, १११ दिवस रेंगाळले. या शोधाबद्दल त्यांना पन्नास हजार डॉलरांचे पारितोषिक मिळाले. माझ्या मते वितरित संगणनाचा खरा स्वभाव या सावकाशीत आहे. येथे उत्तर बरोबर असले पाहिजे, ते मंगळवारी आले की शुक्रवारी याला मोल नाही.

आज जुना प्रोसेसर हाताशी असलेल्या वाचकाच्या मनात साहजिकच प्रश्न येईल, की हा उद्योग आपण करावा काय. आता जुना म्हणजे सेलेरॉन नव्हे. २००७ मधला कोअर टू क्वाड क्यू६६०० धरू. चार गाभे, २.४ गिगाहर्ट्झ, मूळ ठोका २६६ आणि गुणक नऊ. ठोका ३३३ केला की बरोबर तीन गिगाहर्ट्झ होतात, आणि पुष्कळ नमुने ते बिनतक्रार सोसतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुने सुटे भाग धुंडाळणाऱ्याला असे यंत्र उभे करणे अवघड नाही. पण विजेचे बिल आडवे येते. सारा संगणक मिळून दीडशे वॅट घेतो असे मानले, तर अहोरात्र चालवल्यास दिवसाला ३.६ आणि महिन्याला १०८ युनिटे होतात. आपल्याकडे दरांचे टप्पे चढते असल्यामुळे ही युनिटे घरच्या वापराच्या डोक्यावर, महागड्या टप्प्यात जाऊन बसतात. तेवढेच काम आजचा पंधरा वॅटचा लॅपटॉपमधील प्रोसेसर आरामात करतो, आणि चित्रगणनेसाठी बनवलेली ग्राफिक्स कार्डे तर त्याच्याही पलीकडे गेली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली ४,१०,२४,३२० अंकांची मर्सेन मूळ संख्या अशाच कार्डांनी शोधली, आणि अठ्ठावीस वर्षे साध्या घरगुती संगणकांनी राखलेला मान त्या दिवशी संपला.

सेटी ॲट होमने ३१ मार्च २०२० रोजी नवे तुकडे वाटणे थांबवले. त्याच वर्षी १ डिसेंबरला अरेसिबोची दुर्बीण कोसळली. परंतु सेटीच्या नात्यातला आइन्स्टाइन ॲट होम हा प्रकल्प २००५ पासून चालू आहे. अमेरिकेतील लायगो वेधशाळांच्या नोंदींतून गुरुत्वीय लहरी आणि रेडिओ दुर्बिणींच्या नोंदींतून स्पंदक तारे शोधणे हे त्याचे काम. २०१० मध्ये आयोवा आणि जर्मनी येथील स्वयंसेवकांच्या घरच्या संगणकांनी अरेसिबोच्याच नोंदींतून एक अज्ञात स्पंदक हुडकून काढला होता. मराठी वाचकाला या विषयाशी आणखी एक नाते आहे: पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञ गुरुत्वीय लहरींच्या शोधात दीर्घकाळ गुंतलेले आहेत, आणि लायगोचे भारतातील केंद्र हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे.

ज्याला या कामास हातभार लावावयाचा आहे त्याने बॉइंक उतरवून घ्यावे, प्रोसेसरची गती कारखान्याने ठरवली तेवढीच राहू द्यावी, आणि जमल्यास दाबच थोडा उतरवून पाहावा. ठोका तोच राहून वीज वाचते आणि यंत्र थंड राहते. ज्याला मात्र ओव्हरक्लॉकिंगचीच हौस आहे त्याने ती जुन्या, बिनमोलाच्या यंत्रावर खुशाल भागवावी, पण आधी पंख्यातली धूळ काढावी, हीटसिंकखालची वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी, आणि प्राइम९५ ची कसोटी चोवीस तास निर्वेध पार पडल्यावाचून कोणत्याही प्रकल्पाला आपले उत्तर पाठवू नये.